उग्र स्वराची तालीम

१८६५ च्या सुमारास फर्रुखाबाद येथे चार्ल्स इलियट नावाचे एक इंग्रज अधिकारी बंदोबस्ताच्या कामावर होते. पुढे ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. परंतु त्यापूर्वीच त्यांच्या हातून एक असे काम झाले होते की जे त्यांच्या सरकारी कर्तव्यांत कोठेही मोडत नव्हते. महोब्याच्या आल्हा व ऊदल या दोन वीरांची गाथा तोंडपाठ असणारे गवई त्यांनी बोलावून आणले, त्यांच्या तोंडचे निरनिराळे पाठ उतरवून घेतले, आणि त्यांचा मेळ घालून ‘आल्हा’चा पहिला छापील संग्रह सिद्ध करविला. याच गृहस्थांनी १८६२ मध्ये शेजारच्या उन्नाव जिल्ह्याचा इतिहासही लिहून प्रसिद्ध केला होता. परमुलखात नेमणूक झालेल्या माणसाने फावल्या वेळात काय करावे, या प्रश्नाचे हे एक उत्तर होय. आम्ही बहुतेकजण दुसरे उत्तर पसंत करतो, म्हणजे बदलीचा अर्ज करतो.

अमौसी हे लखनौच्या नैर्ऋत्येस, कानपूर रस्त्यावरचे गाव. आता ते गाव म्हणून ओळखणे कठीण झाले आहे. एका बाजूस विमानतळ, दुसऱ्या बाजूस नादरगंजचे कारखाने, आणि २०१९ पासून विमानतळापर्यंत पोचलेली मेट्रो. याच रस्त्याने पुढे गेले की उन्नाव लागते. पावसाळा सुरू झाला म्हणजे या टापूतील खेड्यांतून आल्हा अद्याप ऐकू येतो. ढोलकाच्या साथीवर एकटा गवई उभा राहतो, कधी हातात तलवारही घेतो, आणि बाराव्या शतकातील चंदेल व चौहान यांच्या लढाया अशा आवाजात सांगू लागतो की प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाने चमकून वर पाहावे. उन्नावचे लल्लू बाजपेयी यांनी हा आवाज ध्वनिमुद्रिकांतून घरोघर नेला. आम्ही तो प्रथम ऐकला तेव्हा शब्द निम्मेच कळले, परंतु आवाज पुरता ओळखीचा वाटला. छातीतून वर फेकलेला, शेवटच्या अक्षरावर आदळणारा, गोडव्याची पर्वा न करणारा हा स्वर आपल्याकडील शाहिराचा सख्खा भाऊ आहे.

इलियटसाहेबांना आपल्याकडेही एक जोडीदार सापडतो. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठी पोवाडे मिळविले व १८९१ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. १८९४ मध्ये त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यानुवादही प्रसिद्ध केले. (माटुंग्याचे कुष्ठधाम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हेच अ‍ॅक्वर्थ.) अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा आज शाळकरी मुलासही नावाने ठाऊक आहेत, याचे बरेचसे श्रेय या संग्रहास व पुढे १९२८ पासून यशवंत नरसिंह केळकर यांनी केलेल्या संपादनास द्यावे लागेल. या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांचे ऋण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र दोघांच्याही कामात एकच उणीव राहिली, आणि ती त्यांच्या काळाची होती. त्यांनी शब्द टिपले. आवाज टिपला नाही. अगिनदासाने जे म्हटले ते आपल्याजवळ आहे. ते त्याने कसे म्हटले, कोणत्या अक्षरावर श्वास घेतला, कोठे घसा खरडवला आणि कोठे राखला, हे सारे हवेत गेले.

प्रस्तुत लेखाचा विषय हा हवेत गेलेला भाग आहे. उग्र, आक्रमक, अंगावर येणारे गाणे माणूस शिकतो कसे? असे गाणे शिकावे लागते, हेच मुळी पुष्कळांना पटत नाही. ओरडण्याला शाळा कशाला, असा प्रश्न आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस विचारला. निमित्त होते आमच्याच वसाहतीतील एका मराठी मुलाचे. हा मुलगा पंक रॉक नावाच्या पाश्चात्य गायनप्रकाराच्या नादी लागला आहे, आणि शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून विमान उडण्याची वेळ साधून गच्चीवर आपली तालीम करतो. मुलगा बुडाला, असा वसाहतीचा निर्वाळा आहे. आम्हांस तो मान्य नाही. आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठी थोडे विलायतेत जाऊन यावे लागेल.

पंक रॉकचा उगम न्यूयॉर्क व लंडन येथे १९७४ ते १९७६ या दरम्यान झाला. रामोन्स या न्यूयॉर्कच्या चमूची पहिली तबकडी १९७६ ची. तिच्यात १४ गाणी आहेत आणि ती सारी मिळून २९ मिनिटांत आटोपतात. म्हणजे एका गाण्यास सरासरी दोन मिनिटे. आपल्याकडील एका बड्या ख्यालाच्या आलापीत त्यांचे चार वेळा सर्वस्व गाऊन व्हावे! ब्रिटनमध्ये त्या वेळी बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती आणि शाळा सोडलेल्या पोरांना उद्या काय, हे ठाऊक नव्हते. १९७७ च्या जानेवारीत तिकडच्या एका घरगुती छपाईच्या नियतकालिकाने गिटारीवरील तीन स्वरसंगतींच्या आकृत्या छापल्या आणि एवढे आले की झाले, आता आपला चमू काढा, असे वाचकांस बजावले. त्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता. सेक्स पिस्तूल्स या चमूने त्यावर एक जहरी गाणे काढले, बी.बी.सी.ने ते वाजविण्याचे नाकारले, आणि जे वाजत नाही ते ऐकण्यासाठी लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. सरकारी नभोवाणीला हा अनुभव नवा नव्हता व शेवटचाही ठरला नाही.

आता गंमत अशी की, शिकणे नको, गुरू नको, असे म्हणणाऱ्या याच चमूचा गायक जॉनी रॉटन यास त्याच्या व्यवस्थापकाने टोना डी ब्रेट या लंडनच्या गायनशिक्षिकेकडे धाडले होते. या बाई रीतसर कंठसाधना शिकवीत. त्या पोराने तेथून किती उचलले हा प्रश्न निराळा; पण रोज रात्री एवढ्या जोराने ओरडणारा माणूस महिनाभरात मुका होईल, ही भीती बंडखोरांच्या व्यवस्थापकासही होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. पुढे २००५ मध्ये मेलिसा क्रॉस या न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने घशास इजा न होता किंचाळावे कसे, याचे चित्रमुद्रित पाठच बाजारात आणले. ओरडण्याला शाळा असते. तीही फी घेऊन चालते.

या शाळेत काय शिकवितात ते समजून घेण्यासाठी घशात डोकवावे लागते, आणि घशात प्रथम डोकावला तोही एक गवईच. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायनशिक्षक. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा असावा तसा लहानसा आरसा आपल्याच घशात धरला, सूर्यप्रकाश दुसऱ्या आरशाने आत पाडला, आणि गाताना स्वरतंतू कसे मिटतात व उघडतात ते पाहिले. पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे निवेदन केले. वैद्यकाने हे तंत्र उचलले. गार्सिया स्वतः १०१ वर्षे जगला. तो १९०६ मध्ये वारला तेव्हा घशाच्या विकारांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले होते.

पुरुषाचे स्वरतंतू जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे. साध्या बोलण्यात ते सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा एकमेकांवर आपटतात. काळी एकच्या पट्टीत गाणारा तार पंचमास पोचला की हीच आपट चारशेच्या वर जाते. जोर लावून म्हणजे काय करावयाचे, यात सारे रहस्य आहे. अडाणी माणूस जोर घशात लावतो. मान ताठते, शिरा फुगतात, तंतू घट्ट आवळले जातात, आणि दोन-चार महिन्यांत त्यांवर लहान गाठी येऊन आवाज फाटतो. शिकलेला माणूस जोर बरगड्यांत व पोटात लावतो. घशाकडे हवेचा फक्त मोजका पुरवठा येतो. आणि जो खरखरीतपणा आपणांस ऐकू येतो, तो पुष्कळदा खऱ्या स्वरतंतूंचा नसतोच. त्यांच्या वर आणखी दोन पडदे असतात, ज्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात, त्यांना हलके जवळ आणून हा खरडीचा ध्वनी काढतात. थोडक्यात, ओरडल्याचा भास उत्पन्न करावयाचा, पण ओरडावयाचे नाही. हे कळावयास दिवस लागत नाहीत. वळावयास वर्षे लागतात.

आता पोवाड्याकडे वळू. शाहीर मध्ये उभा, हातात डफ. मागे दोघे किंवा तिघे झीलकरी, एकाजवळ तुणतुणे, एकाजवळ झांज. शाहीर चौक म्हणत जातो, ओळीचे टोक उंच फेकतो, आणि झीलकरी ‘जी जी जी’ करून ते टोक झेलतात. आपण हे ‘जी जी’ शोभेचे समजतो. ते शोभेचे नाही. ज्या क्षणी झीलकरी सूर उचलतात त्याच क्षणी शाहीर श्वास घेतो. तास-दीड तास न थांबता उंच पट्टीत ओरडावयाचे आणि अखेरच्या चौकात अफझलखान पडेपर्यंत आवाज ताजा ठेवावयाचा, तर श्वासाची ही बेगमी पाहिजेच. मध्येच शाहीर गाणे सोडून गद्य बोलू लागतो. त्यामुळे प्रसंग रंगतो हे खरे, पण तेवढ्यात तंतूंनाही उसंत मिळते. डावा हात कानाशी नेण्याची शाहिरांची लकब आपण चित्रांत पाहतो. गर्दीच्या गलक्यात स्वतःचा सूर स्वतःस ऐकू यावा, हा तिचा अर्थ. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही तो नकळत अधिक ओरडतो. न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने जे चित्रमुद्रित पाठांतून सांगितले, त्यातील निदान निम्मे या मांडणीतच बांधून ठेवलेले आहे, आणि तेही कोणी कागदावर न लिहिता.

शिक्षणाचा क्रमही असाच अलिखित. गोंधळ्याच्या घरातला पोर प्रथम संबळाच्या किंवा तुणतुण्याच्या मागे उभा राहतो. शाहिराच्या चमूत नवशिक्यास डफ मिळत नाही. त्यास झील धरावी लागते. म्हणजे वर्षानुवर्षे तो फक्त ओळीचे टोक उचलतो, जेथे सूर सर्वांत उंच असतो आणि अवधी सर्वांत थोडा. जड काम, पण लहान हप्त्यांनी. त्यातून फेक साधते, आणि शाहीर कोठे श्वास चोरतो हे पाठीमागून, त्याच्या बरगड्यांकडे पाहून शिकता येते. समोर बसून शिकणाऱ्यास ते दिसतच नाही. आम्हांस तर वाटते की, झीलकऱ्याची जागा हाच या विद्येचा वर्ग होय.

या विद्येचा आणि अमौसीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जरा बोचरा आहे. लखनौच्या कैसरबागेत, नबाबी काळच्या परीखान्याच्या वास्तूत, १९२६ मध्ये एका मराठी माणसाच्या प्रेरणेने मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे ते नाव. व्यवसायाने वकील, पण उस्तादांच्या बंद मुठींतून शेकडो चिजा सोडवून, त्यांची स्वरलिपी करून, त्यांनी त्या क्रमिक पुस्तकांत घातल्या. प्रांताचे त्या वेळचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी साह्य केले, गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव संस्थेस मिळाले, आणि १९२८ पासून जवळजवळ तीस वर्षे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या दुसऱ्या मराठी पंडितांनी ती चालविली. संस्थेचे नाव पुढे भातखंड्यांचे झाले. २०२२ पासून ती राज्य विद्यापीठ आहे. लखनौत आलेल्या प्रत्येक मराठी माणसास स्थानिक लोक ही वास्तू अभिमानाने दाखवितात, आणि तो अभिमान आपणही वाटून घेतो.

परंतु स्वरलिपीत जे उतरते तेच या पद्धतीने शिकविले जाते. षड्ज लिहिता येतो, मात्रा लिहिता येते. छातीचा दाब लिहिता येत नाही. भातखंड्यांना याचा दोष देणे अन्याय होईल. ज्यांच्यापुढे रागसंगीत नामशेष होण्याचे भय होते, त्यांनी पोवाड्याच्या फेकीचा विचार करावयास हवा होता, असे म्हणणे म्हणजे घर जळत असता परसातील वेल का वाचविली नाही, असे विचारणे होय. तरीही परिणाम व्हावयाचा तो झाला. जे वर्गात आले ते संगीत ठरले. जे वर्गात आले नाही ते, आल्हा असो की पोवाडा, ‘लोकांचे’ ठरले. लोकांचे म्हणजे शिकावयास न लागणारे, असा समज त्यातून सुशिक्षितांत दृढ झाला. आमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांचा प्रश्न येथून येतो.

वर्गाबाहेर एक जागा अशी होती की जेथे उग्र स्वर आणि राग एकत्र नांदत. ती म्हणजे मराठी रंगभूमी. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, त्या वेळी ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतील आण्याच्या प्रेक्षकापर्यंत पद पोचवावयाचे ते नुसत्या फुप्फुसाच्या बळावर. भाऊराव कोल्हटकरांपासून केशवराव भोसल्यांपर्यंत सारे चढ्या पट्टीचे गायक निपजले यात नवल नाही. परंतु उंच गाणे निराळे व आक्रमक गाणे निराळे. आक्रमकता हा शब्द आपल्याकडे ज्यांच्या गाण्यास प्रथम आणि हक्काने लागला ते मास्टर दीनानाथ मंगेशकर. जन्म १९०० चा, गोव्यातील मंगेशीचा. १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळीची स्थापना. १९२७ मध्ये वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’. १९४२ मध्ये पुण्यास अकाली निधन. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही लावून पाहाव्या. तान सरळ जिन्याने चढत नाही. ती मधल्या पायऱ्या गाळून एकदम माडीवर उडी घेते, आणि ऐकणाऱ्याने ‘पडला!’ म्हणावे तोच सूर नेमका जागेवर सापडतो. हे तबकडीमुळे आपणांस ठाऊक आहे. अगिनदासाच्या नशिबी तबकडी नव्हती.

दीनानाथांची ही रीत ज्यांनी आत्मसात करून आपली केली ते वसंतराव देशपांडे. त्यांच्याविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटण्याचे कारण वाचकांनी ओळखले असेलच. हा माणूस पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होता. वर्षानुवर्षे दिवसा आकड्यांचे ताळे जमवावयाचे आणि रात्री गावयाचे. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्म, नागपुरात बालपण, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा, पुढे अनेक घराण्यांचे संस्कार. आणि सर्वांवर छाप दीनानाथांची. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले व खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी गाठली होती. कचेरीच्या खुर्चीत बसून गळा जात नाही, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. मात्र कचेरी सुटल्यावर काय करावयाचे हे ठरलेले असावे लागते.

एवढे सांगूनही मुख्य गोष्ट राहिली. उग्र स्वर नुसत्या तंत्राने येत नाही. कोणावर तरी चाल करून जावयाचे असते म्हणून तो येतो. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो दरबारी बक्षिसासाठी नव्हे. सत्यशोधक जलसे त्याच वाटेने गेले. सावरकरांचे सिंहगड व बाजीप्रभू यांवरील पोवाडे इंग्रज सरकारने जप्त केले; १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल. बी.बी.सी.ने न वाजविलेल्या गाण्याची कथा रंगवून सांगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की आमच्याकडे एका चोपड्याची किंमत अंदमान होती. १९३० नंतर आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. भीमराव कर्डक आणि पुढे वामनदादा कर्डक यांनी वस्तीच्या चौकात, कंदिलाच्या उजेडात, ज्यांना देवळात येऊ देत नव्हते अशांपुढे गाणी म्हटली. येथे गोड गाणे शक्य होते. पण गोड गाऊन ते काम झाले नसते.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊ रचणारे, अमर शेख गाणारे. बार्शीच्या गरीब घरातला हा मुलगा, जन्म १९१६. गाण्याची पहिली शिकवण आईच्या तोंडून. पुढे गिरणीतला कामगार. गिरणीत खात्याखात्यांतून मागांचा खडखडाट चाललेला असतो, आणि त्यात शेजाऱ्याशी बोलावयाचे तरी आवाज फेकावा लागतो. अमर शेखांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांनी त्याला ‘पहाडी’ म्हटले, आणि तो शब्द त्यांच्या नावास कायमचा चिकटला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या वर्षांत, सभेपूर्वी शाहीर उभा राहावयाचा आणि सभा तेथेच अर्धी जिंकली जावयाची. त्याच लढ्यात बेळगाव-कारवार मागे राहिल्याची व्यथा अण्णा भाऊंनी छक्कडीत मांडली. पुढे १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले; ऑगस्टमध्ये अमर शेख. सुमारे दीड महिन्याच्या अंतराने दोघे गेले, पन्नाशीच्या आसपास. त्यांपैकी एकाही आवाजास उतारवय पाहावयास मिळाले नाही.

त्यानंतरही परंपरा खंडित झाली असे म्हणता येणार नाही. शाहीर साबळे २०१५ पर्यंत होते. राजा बढ्यांचे व श्रीनिवास खळ्यांच्या चालीचे जे गीत त्यांच्या कंठातून आपणांस ठाऊक झाले, ते २०२३ मध्ये राज्यगीत झाले. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरास कार्यक्रम चालू असता मंचावरच कोसळले. मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, लोककला अकादमी आहे. पुण्यात शाहिरी शिकविण्याचे वर्ग भरतात. तरी आमच्या मनात एक शंका राहते. ध्वनिवर्धक आला, आणि फेकीची गरज संपली. कुजबुजले तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मग डफ हाती घेतलेला नवा गायक मुद्रेने उग्र असतो, हातवाऱ्यांनी उग्र असतो, आणि आवाज मात्र यंत्र मोठा करते. नकळत तो घशातून ओरडू लागतो, कारण पोटातून फेकण्याची जी सक्ती मैदानाने केली असती ती यंत्राने काढून घेतलेली असते. उग्रता उरते, तालीम जाते. पंकवाल्यांपुढेही हीच अडचण आली, म्हणून त्यांना शिक्षिका शोधावी लागली. त्यांनी शोधली, हा त्यांचा मोठेपणा आहे.

महाराष्ट्राबाहेरील मंडळांची स्थिती याहून बिकट. शिवजयंती व १ मे हे दोन दिवस आपण कोठेही असलो तरी साजरे करतो. दीपप्रज्वलन होते, लहान मुलांना फेटे बांधतात, आणि नंतर पोवाडा ‘लावतात’. लावतात, म्हणत नाहीत. इलियट व अ‍ॅक्वर्थ यांनी शब्द जपले नि आवाज गमावला. आपण आवाज डबीत जपला आहे, आणि तो काढणारी छाती गमावीत आहो. आमच्याबरोबर काम करणारे एक अवधी सहकारी गेल्या श्रावणात आपल्या गावी, येथून पंधरा कोसांवर, आल्हा ऐकावयास गेले होते. त्यांनी परत येऊन विचारले, तुमच्याकडे असे काही आहे काय? आम्ही ‘आहे’ म्हटले. त्यावर ते सहज म्हणाले, मग एकदा म्हणून दाखवा.

त्या गच्चीवरच्या मुलास आम्ही हे सारे एका संध्याकाळी सांगितले. शिवाजी महाराजांच्या भागावर तो विशेष रमला नाही. परंतु झीलकऱ्याच्या जागेचा आणि श्वास चोरण्याचा मजकूर त्याने दोनदा विचारून घेतला, आणि अमर शेखांची एक ध्वनिफीत लागोपाठ चार वेळा ऐकली. हा माणूस खरडतो कोठे आणि उघडतो कोठे, हे त्याने आमच्यापेक्षा आधी ओळखले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या स्वरावर जबडा खाली पडतो, म्हणून घसा वाचतो. आम्ही पुन्हा ऐकले. त्याचे म्हणणे पटले.

मंडळाने पुण्याहून एक डफ मागविला आहे. कातडी आहे, त्यामुळे येथल्या भाद्रपदातील दमट हवेत तो सैल पडतो व दर खेपेस शेगडीवर शेकावा लागतो. शनिवारी संध्याकाळी तालीम होते. झील धरावयास तिघे मिळाले आहेत: एक हिशेब खात्यातले, एक टपाल खात्यातले, आणि तिसरा तो मुलगा. तुळशीदासाचा सिंहगड घेतला आहे. सध्या पहिलाच चौक चालू आहे, आणि मधूनमधून वरून विमान गेले की थांबावे लागते.